कागदावर राजहंसगड : भिंगाची आणि आरशाची प्रतिमा कशी पकडावी

प्रतिमा कोठे पडते हे आकृतीवरून पाठ करण्यापेक्षा ती स्वतः कागदावर पकडून पाहावी, असे बेळगाव सीमाभागातील दहावीच्या मुलामुलींना मनापासून सांगावेसे वाटते. त्यासाठी आजीचा वाचण्याचा चष्मा, चेहरा मोठा दाखवणारा दाढीचा आरसा, पांढरा कागद, मोजपट्टी आणि मेणबत्ती एवढे साहित्य पुरते.

येळ्ळूरमध्ये राहत असाल तर राजहंसगडाच्या बाजूची खिडकी निवडावी. खानापूरकडे दूरचा डोंगर आणि शहरात लांबची इमारतही चालेल. इतक्या दूरच्या वस्तूच्या एकेका बिंदूपासून निघालेले किरण आपल्यापर्यंत जवळजवळ समांतर येतात. बाकीच्या खिडक्या लावून खोलीत अंधार करावा, खिडकीसमोरच्या भिंतीवर कागद चिकटवावा आणि चष्म्याचे एक भिंग त्याच्यासमोर धरून सावकाश मागेपुढे सरकवावे. चष्म्याचा नंबर +२.५ असेल, तर कागदापासून सुमारे ४० सेंटीमीटरवर गडाची छोटी, उलटी प्रतिमा स्पष्ट होते आणि आभाळ खाली दिसते. १ ला नंबराने भागले की नाभीय अंतर, म्हणजे समांतर किरण भिंगापलीकडे जेथे एकत्र येतात त्या नाभीपर्यंतचे अंतर, मीटरमध्ये मिळते. येथे ते ०.४ मीटर आहे. सूर्याकडे मात्र भिंगातून कधीही पाहू नये.

हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने जाणारा प्रकाश काचेत सुमारे २ लाखांवर येतो, म्हणून तिरक्या पृष्ठभागावर त्याची दिशा बदलते. भिंगाच्या मध्यातून जाणारा किरण जवळजवळ सरळ जातो आणि कडेचा अधिक वळतो, त्यामुळे बुरुजाच्या एका टोकापासून भिंगभर पसरलेले किरण पलीकडे पुन्हा एकाच ठिकाणी भेटतात. आता भिंगाचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाका. अर्धा गड नाहीसा होईल असे बहुतेकांना वाटते, परंतु गड पूर्णच राहतो, केवळ अंधूक होतो, कारण प्रत्येक बिंदूचे किरण उघड्या अर्ध्यातूनही येतच असतात. माझ्या मते या धड्यातील सर्वांत मोलाचा प्रयोग हाच आहे.

रात्री भिंगापासून ८० सेंटीमीटरवर मेणबत्ती ठेवल्यास पलीकडे ८० सेंटीमीटरवरच ज्योतीएवढी उलटी ज्योत मिळते. मेणबत्ती जवळ आणावी तशी प्रतिमा मोठी होत दूर जाते आणि ४० सेंटीमीटरच्या आत कागदावर काहीच उमटत नाही. तेव्हा भिंगातून पाहिल्यास सुलटी, मोठी, आभासी प्रतिमा दिसते.

दाढीचा आरसा अंतर्गोल असतो. त्याचे तोंड खिडकीकडे करून आरशासमोर थोड्या बाजूला कागदाची अरुंद पट्टी धरावी, म्हणजे येणारा प्रकाश अडणार नाही. येथे किरण वळत नाहीत, तर आपाती कोनाएवढ्याच, म्हणजे आरशावर ज्या कोनात येतात तेवढ्याच कोनात परत फिरतात, आणि त्यांच्या भेटीची जागा वक्रता त्रिज्येच्या, म्हणजे आरसा ज्या गोलाचा तुकडा मानता येतो त्याच्या त्रिज्येच्या, निम्म्यावर असते. मोटरसायकलचा बहिर्गोल आरसा किरण पसरवतो, त्यामुळे त्याच्यापुढे कागद कोठेही धरला तरी समोरच्या वस्तूची प्रतिमा त्यावर मिळत नाही.

शेवटी मेणबत्तीच्या प्रयोगाची आकृती १० सेंटीमीटरला १ सेंटीमीटर या प्रमाणात काढावी. ज्योतीच्या टोकापासून एक किरण अक्षाला, म्हणजे भिंगाच्या मध्यातून जाणाऱ्या आडव्या रेषेला, समांतर नेऊन भिंगापलीकडच्या नाभीतून (आकृतीत ४ सेंटीमीटरवर) न्यावा, दुसरा भिंगाच्या मध्यातून सरळ न्यावा, आणि ते भिंगापासून ८ सेंटीमीटरवर छेदतात का, हे पट्टीने मोजून पाहावे.