बिअर्डी थंडीत झोपायला लागला तर काय करायचं

थंडीत बिअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरडा, लाडाने बिअर्डी) खाणं कमी करतो, बास्किंगला, म्हणजे गरम दिव्याखाली ऊब घ्यायला, यायचा कंटाळा करतो आणि टँकच्या थंड कोपऱ्यात जाऊन पडून राहतो, हे ब्रुमेशन, म्हणजे त्याची थंडीतली लांब झोप. मोठ्या बिअर्डीला चालतं. सगळे करतातच असं नाही, करत नसेल तर मुद्दाम लावू नका. वर्षाच्या आतलं पिल्लू असेल तर मात्र झोपू द्यायचं नाही, लाइट-हीट पूर्ण चालू ठेवा आणि डॉक्टरला दाखवा, त्याच्या अंगात तेवढा साठा नसतो.

आधी रेप्टाइल बघणाऱ्या व्हेटकडून चेकअप आणि शीची टेस्ट, कारण आजारी बिअर्डीपण असाच सुस्त पडतो, बाहेरून फरक कळत नाही. मादी असेल तर पोटात अंडी नाहीत ना तेही बघून घ्या.

खरा घोळ होतो तो खाण्यात. याला अन्न पचवायला बाहेरची ऊब लागते, ती नसेल तर खाल्लेलं आतच सडतं. म्हणून खाणं बंद केलं की लगेच हीट बंद करायची नाही, दीड-दोन आठवडे बास्किंग नेहमीसारखं ३८ ते ४२ डिग्री ठेवा, शी होऊन पोट रिकामं होऊ दे, मग लाइट हळूहळू १२-१४ तासांवरून ८-१० वर आणा. एकदा झोपला की "उठवून एखादा किडा भरवू" असली माया नको! खायला सोडलेले, उरलेले क्रिकेट (रातकिडे) पण टँकमधून काढा, झोपलेल्या बिअर्डीला ते चक्क कुरतडतात.

आठवड्याला एकदा हळूच उचलून किचनच्या डिजिटल काट्यावर ठेवा. वजन जवळजवळ तेवढंच राहायला हवं, ४०० ग्रॅमचा ३६० वर आला तर थांबू नका, व्हेट गाठा. डोळे खोल गेले, नाकातोंडातून चिकट पाणी येतंय, तोंड उघडून श्वास घेतोय, पातळ शी, तरी तेच. पाणी उथळ वाटीत ठेवा, स्वतःहून जागा झाला तर नाकावर दोन थेंब सोडा, चाटेल. झोपेत असताना टबात ठेवू नका, बुडू शकतो.

काही आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनी तो आपोआप बाहेर येतो. तेव्हा लाइटचे तास वाढवा, आधी पाणी आणि कोमट पाण्यात उथळ आंघोळ, एक-दोन दिवस नीट बास्किंग झालं की मगच थोडं खायला. उठल्यावरची पहिली शी टाकून न देता टेस्टला द्या.