अल्झायमरच्या नव्या औषधाची बातमी वाचताना

आईच्या आजाराचं निदान झाल्यापासून नातेवाइकांकडून बातम्या येत असतात: ‘नवं औषध आलं, आजार २७ टक्क्यांनी मंदावला!’ पहिल्यांदा वाचलं त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आता बातमी आली की मी आधी वही उघडते.

सगळ्यात आधी शोधा, मोजलं कशावर. २७ टक्के हा आकडा लेकॅनेमॅब या औषधाचा. सुमारे १८०० रुग्ण, १८ महिने, आणि मोजपट्टी सीडीआर-एसबी, म्हणजे स्मरणशक्ती आणि रोजचे व्यवहार किती बिघडलेत ते मोजणारी, ० ते १८ गुणांची. औषध घेणाऱ्यांचे गुण सरासरी १.२१ ने वाढले, औषध नसलेलं सलाइन घेणाऱ्यांचे १.६६ ने. इथे गुण वाढणं म्हणजे प्रकृती खालावणं. म्हणजे खालावले दोन्ही गट, एक जरा सावकाश. फरक ०.४५. टक्क्यांशेजारी हा आकडा लिहिलात तरच बातमीचं खरं वजन कळतं.

दिशा दर वेळी तपासा. एमएमएसई आणि मोका या स्मरणशक्ती-विचारशक्ती तपासणाऱ्या ३० गुणांच्या चाचण्यांत उलटं असतं, तिथे गुण कमी होणं वाईट.

एकेक गुण म्हणजे काय, हे मला आईच्या मोका चाचणीत कळलं. घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची होती. वर्तुळ छान आलं, आकडेही जागच्या जागी. मग तिने एक काटा ११ वर नेला आणि दुसरा १० वर. दोनवर न्यायचा, हे सुचलंच नाही. कागदावर गेला एकच गुण. घरी मात्र त्या दिवसापासून गोळ्यांच्या वेळा मी सांभाळते. (चाचणीला जाताना चष्मा आणि कानाचं यंत्र विसरू नका. ऐकूच आलं नाही तरी गुण जातातच.)

मग बघा, प्रयोगात कोण होतं. लेकॅनेमॅबच्या चाचणीत फक्त सुरुवातीच्या टप्प्यातले रुग्ण होते, तेही मेंदूत अमायलॉइड (या आजारात साचणारं प्रथिन) असल्याची खात्री करून घेतलेले. आईचा आजार त्यापुढे गेलाय. हे वाचून मी खूप रडले, पण खोट्या आशेवर आणखी महिने घालवले नाहीत.

धोक्याचा परिच्छेद बहुधा तळाशी असतो, तो आवर्जून वाचा. एमआरआयमध्ये मेंदूला सूज दिसली ती औषध घेणाऱ्या १२.६ टक्के लोकांत, दुसऱ्या गटात १.७ टक्के. बहुतेकांना त्रास जाणवला नाही, तरी रक्तस्रावाचाही धोका असतो. म्हणून तुमच्या माणसाचा आजार सुरुवातीचा असेल, तर डॉक्टरांना दोन गोष्टी थेट विचारा: हा धोका वाढवणाऱ्या एपीओई-४ जनुकाची तपासणी करायची का, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना हे औषध देता येईल का?