जवळच्या अंतरावरची बिनतारी साधने नीट कशी वापरावीत

बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घरी गणपतीच्या आरतीला ब्लूटूथचा स्पीकर लावण्याची पद्धत आता रुळली आहे. सकाळी खोली रिकामी असताना तो सुरळीत वाजतो, आणि संध्याकाळी पंचवीस-तीस माणसे आरतीला उभी राहिली की दुसऱ्या कडव्यापासूनच अडखळू लागतो. दोष स्पीकरचा नसतो. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या असतात आणि त्या पाण्यात शोषल्या जातात. माणसाच्या शरीरात पाण्याचा अंश मोठा असल्यामुळे फोन आणि स्पीकर यांच्यामध्ये उभी राहिलेली मंडळी या लहरींपुढे भिंतीसारखीच ठरतात. म्हणून स्पीकर माणसांच्या डोक्यांपेक्षा उंच फळीवर ठेवावा, आणि फोन यजमानाच्या खिशात न ठेवता स्पीकरच्या जवळ, मध्ये कोणी येणार नाही अशा जागी ठेवावा. एवढ्याने बहुतेक वेळा काम भागते.

या साधनांचा पल्ला मुद्दामच आखूड ठेवलेला असतो, हे ध्यानात घेतले की पुढचे पुष्कळसे उलगडते. पल्ला आखूड असल्याने वीज कमी लागते, शेजारच्या घरातील साधनांशी गोंधळ कमी होतो, आणि पैशांच्या व्यवहारात तर जवळ असणे हीच अर्धी खातरी असते. त्यामुळे एखादे साधन चालेनासे झाले की ते दुरुस्तीला नेण्याआधी अंतर, दिशा आणि मधला अडथळा या तीन गोष्टी पाहाव्यात.

ब्लूटूथवर कानातले यंत्र प्रथमच जोडताना ते आधी जोडणीच्या स्थितीत आणावे लागते. बहुधा त्यासाठी बटण काही सेकंद दाबून धरावे लागते आणि दिवा लुकलुकू लागतो. मग फोनच्या यादीतून त्याचे नाव निवडावे. दोन फोन किंवा फोन आणि गाडी यांची जोडणी करताना दोन्ही पडद्यांवर सहा आकडी संख्या दिसल्यास ती जुळते की नाही हे खरोखर वाचून पाहावे. न वाचता होकार देण्याची सवय वाईट. आपण सुरू न केलेल्या जोडणीची विचारणा आली तर ती सरळ नाकारावी. एकदा जोडणी झाली की दोन्ही साधने परस्परांची गुप्त किल्ली जपून ठेवतात आणि पुढच्या वेळी आपोआप जुळतात. नेमकी हीच सोय घराघरांत घोटाळा करते. ‘यंत्र सापडत नाही’ अशी तक्रार आली की ते आधी घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनला जाऊन चिकटलेले नाही ना, हे पाहावे. तेथील ब्लूटूथ बंद करावे, आणि तरीही जमले नाही तर दोन्हीकडची जुनी नोंद काढून जोडणी नव्याने करावी.

वायफाय आणि मायक्रोवेव्ह भट्टी हीदेखील याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतात. या गर्दीतून वाट काढण्यासाठी संगीत वाहून नेणारे ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १,६०० वेळांपर्यंत उड्या मारते आणि गजबजलेल्या वाहिन्या टाळते. आपण त्याला मदत करायची असेल, तर फोनचे वायफाय शक्यतो ५ गिगाहर्ट्झवर न्यावे. अर्थात जुन्या वाड्यांच्या जाड विटांच्या भिंतींतून ५ गिगाहर्ट्झच्या लहरी फारशा पार होत नाहीत. म्हणून हा उपाय राउटर असलेल्या खोलीपुरताच धरावा.

दुकानात कार्ड टेकवून पैसे देताना वेगळेच तंत्र काम करते. त्याला एनएफसी म्हणतात. कार्डाच्या आत तारेचे बारीक वेटोळे असते. यंत्राच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्यात वीज निर्माण होते आणि तेवढ्याच विजेवर कार्डातील चिप जागी होऊन उत्तर देते. कार्डात बॅटरी नसते ती यामुळेच. हे क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने क्षीण होते, म्हणून कार्ड यंत्रापासून तीन-चार सेंटिमीटरच्या आत आणावे आणि खूण होईपर्यंत स्थिर धरावे. ओवाळल्यासारखे फिरवू नये. पाकिटात दोन कार्डे असतील तर पाकीट न टेकवता हवे ते कार्ड बाहेर काढावे. फोनने पैसे देताना फोनचा कोणता भाग टेकवायचा हे एकदा शोधून ठेवावे, कारण वेटोळे पाठीमागे नेमके कुठे आहे ते प्रत्येक फोनमध्ये निराळे असते. १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहाराला पिन लागत नाही. नव्या कार्डावर ही सोय मुळात बंद असते. ती बँकेच्या अॅपमधून चालू करता येते आणि मर्यादाही आपल्याला हवी तेवढी कमी ठेवता येते. घरातील वडीलधाऱ्यांच्या कार्डांवर ती हजाराच्या आत ठेवावी, असे माझे मत आहे.

अहमदाबादला द्रुतगती मार्गाने जाताना टोलनाक्यावर वाचली जाणारी फास्टॅगची पट्टीही बॅटरीविनाच चालते. तिच्या लहरी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या असल्याने ती काही मीटरांवरून वाचता येते. ही पट्टी काचेवर चिकटलेली असावी याच हिशेबाने बनवलेली असते. बोटांत धरून दाखवली की तीच जुनी पाण्याची अडचण आडवी येते. काच आतून पुसून कोरडी करावी आणि पट्टी आरशाच्या मागे, सुरकुती न पडू देता चिकटवावी. काचेवर धातूचा लेप असेल तर गाडीच्या माहितीपुस्तिकेत त्यासाठी मोकळी सोडलेली जागा दाखवलेली असते, तेथेच लावावी. काढून पुन्हा चिकटवण्याचा प्रयत्न करू नये. आतील पातळ तार तुटते.

टीव्हीचा रिमोट मात्र रेडिओलहरींवर नव्हे, तर बहुधा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशावर चालतो, म्हणून त्याला समोरासमोर असावे लागते. तो बंद पडल्यासारखा वाटला तर फोनचा कॅमेरा चालू करून रिमोटचे तोंड त्याकडे धरावे आणि बटण दाबावे. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक आहे, आणि टीव्हीसमोर काय ठेवले आहे ते पाहावे. ठिपका दिसला नाही, तर आधी फोनचा पुढचा कॅमेरा वापरून पाहावा, कारण मागचे काही कॅमेरे हा प्रकाश गाळून टाकतात. तरीही न दिसल्यास सेल बदलावेत.