सॉमरसेटच्या बागा कशा पाहाव्यात : खान्देशातून जाणाऱ्यांसाठी

मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त ब्रिस्टल, रेडिंग किंवा लंडनला असते, जळगाव-धुळ्याकडचे आईवडील उन्हाळ्यात त्यांच्याकडे राहायला जातात, आणि पहिल्या पंधरवड्यात लंडन पाहून झाले की पुढे काय पाहायचे हा प्रश्न घरात उभा राहतो. अशा मंडळींनी, विशेषतः ज्यांचे आयुष्य शेतीत किंवा शेतीच्या जवळपास गेले आहे त्यांनी, इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील सॉमरसेट परगण्यातील बागा पाहाव्यात, असे मी आग्रहाने सुचवेन. हा परगणा गाईगुरांचा, सफरचंदांचा आणि गवताळ कुरणांचा आहे. तिथे मोठी शहरे फारशी नाहीत, आणि बागेच्या कुंपणापलीकडे लगेच कुणाची तरी शेती सुरू होते. माती, पाणी आणि वारा पाहूनच कामाचा विचार करण्याची सवय असलेल्या माणसाला या बागा पर्यटकापेक्षा जास्त काही देतात. मात्र त्यासाठी एका दिवसात एकच बाग, फार तर दोन, एवढाच बेत ठेवावा. चार बागा एका दिवसात उरकणाऱ्याला चारही सारख्याच वाटतात.

बेत आखताना आधी महिना ठरवावा आणि मग बाग निवडावी, कारण तिथला हंगाम आपल्यापेक्षा फार लवकर पालटतो. फेब्रुवारीत स्नोड्रॉपची पांढरी फुले येतात, एप्रिल-मे महिन्यांत ट्यूलिप, सफरचंदाचा मोहर आणि विस्टेरियाचे जांभळे घोस असतात, जून ते जुलैच्या मध्यापर्यंत गुलाब, लव्हेंडर आणि डेल्फिनियम ऐन भरात असतात, तर ऑगस्ट-सप्टेंबर हे डेलिया आणि उंच गवतांचे दिवस होत. आपल्याकडून बहुतेक लोक मे महिन्यात, इकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर असताना निघतात, आणि तिथल्या पंधरा अंशांना उन्हाळा म्हणतात हे पाहून गारठतात. म्हणून स्वेटर आणि पावसाचे जाकीट जवळ हवेच. छत्री तिथल्या वाऱ्यात टिकत नाही. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असला तरी बागा साधारण पाच वाजता बंद होतात, ही गोष्ट ध्यानात ठेवून सकाळीच निघावे.

एकच बाग पाहणे शक्य असेल, तर टॉन्टन शहराजवळची हेस्टरकूम पाहावी. नवी दिल्लीचे राष्ट्रपती भवन आणि त्यामागचा मुघल धाटणीचा बगीचा ज्यांनी रचला, त्या एडविन लुटियन्स यांनी 1904 ते 1908 या काळात, म्हणजे दिल्लीचे काम मिळण्याच्या आधी, ही बाग उभारली. दगडकाम त्यांचे आणि लागवड गर्ट्रूड जीकिल यांची. जीकिलबाईंची दृष्टी अधू होती, तरी त्यांनी सुमारे चारशे बागांचे लागवडीचे आराखडे केले. हेस्टरकूमची सरकारी नोंद पाहिली तर तिचे दिवस किती फिरले हे कळते. दुसऱ्या महायुद्धात तिथे सैन्य राहिले, नंतर घरात परगण्याच्या अग्निशमन दलाचे कार्यालय आले, आणि बाग रानात जमा झाली. जीकिलबाईंचे मूळ आराखडे कुंड्या ठेवण्याच्या शेडमध्ये सापडले आणि त्यांच्या आधाराने 1973 पासून तिचा जीर्णोद्धार सुरू झाला.

ही बाग पाहण्याचा एक क्रम आहे. तिच्या मधोमध ‘ग्रेट प्लॅट’ नावाचा मोठा चौकोन जमिनीपेक्षा खोल खणलेला आहे. तिथे थेट उतरू नये. आधी वरच्या ओट्यावर उभे राहून तिरप्या गवती वाटा आणि त्यांनी पाडलेले त्रिकोणी वाफे पाहावेत, म्हणजे आखणी डोळ्यांत बसते. वाफ्यांच्या कडेला बर्जेनियाची जाड, गोल, चामड्यासारखी पाने आहेत. फुले असोत वा नसोत, ती पाने वर्षभर काठ धरून ठेवतात आणि आतली मोसमी लागवड मागेपुढे झाली तरी वाफा विस्कटलेला दिसत नाही. त्यानंतर पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पाटांकडे जावे. प्रत्येक पाट सुमारे 140 फूट लांब, दगडी आणि अरुंद असून ठरावीक अंतरावर तो वळून लहानसे गोल कुंड करतो, तेथून पुन्हा सरळ पुढे जातो. ज्यांनी जन्मभर पाटाने पाणी भरले आहे त्यांनी इथे गुडघ्यावर बसून कड पाहावी. पाण्याची पातळी दगडाच्या काठाशी इतकी नेमकी राखली आहे की ते वाहते आहे हे वाकल्याशिवाय कळत नाही. पायऱ्यांच्या फटींतून मेक्सिकन डेझीची बारीक पांढरी-गुलाबी फुले आलेली असतात. शेवटी दक्षिणेकडच्या मांडवाखालून चालावे. त्याचे खांब एकाआड एक गोल आणि चौकोनी आहेत, आणि दोन खांबांमधून टॉन्टनचे खोरे आणि पलीकडचे डोंगर दिसतात.

घराच्या मागच्या बाजूला याच जागेतली दुसरी, जुनी बाग आहे. कोपलस्टोन वॉर बॅम्फिल्ड या जमीनदाराने अठराव्या शतकात तळी, धबधबा आणि छोटी मंडपवजा देवळे रचून ती केली. गाळाने भरलेली तळी उपसून ती 1997 मध्ये लोकांसाठी खुली झाली. तिथे चढउतार आहेत, म्हणून गुडघेदुखी असणाऱ्यांनी लुटियन्सची बाग सकाळी आणि ही जेवणानंतर, सावकाश पाहावी. तेवढ्यातच दिवस पुरा होतो आणि व्हायलाही हवा.

इल्मिन्स्टरजवळचे बॅरिंग्टन कोर्ट शेतकऱ्याने अवश्य पाहावे. जुन्या वास्तू आणि बागा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने 1907 मध्ये घेतलेले हे तिचे पहिले मोठे घर, आणि पुढे ते साखरेच्या धंद्यातल्या लाइल कुटुंबाने भाड्याने घेऊन दुरुस्त केले. त्या वेळी जीकिलबाई खूप वृद्ध झाल्या होत्या आणि त्यांना दिसत जवळजवळ नव्हते, म्हणून तिथली माती बिस्किटांच्या डब्यांतून त्यांच्याकडे पाठवली गेली आणि ती हाताने चाचपून त्यांनी लागवड सुचवली. माती परीक्षणाचा अहवाल हाती घेऊन केळीचे डोस ठरवणाऱ्या रावेर-यावलच्या शेतकऱ्याला या गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. फुलांचे कप्पे गोठ्यांच्या जुन्या आवारात, त्याच भिंतींच्या आडोशाने बसवलेले आहेत. पलीकडे दगडी भिंतीआडचा मोठा भाजीमळा आहे, आणि मी तरी फुलांपेक्षा जास्त वेळ त्या मळ्यालाच द्यावा असे म्हणेन.

या भिंतींचे प्रयोजन आपल्याला चटकन लक्षात येत नाही, कारण आपण केळीभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावतो ते उष्ण वारा अडवण्यासाठी. तिथे भिंत थंड वारा अडवते आणि दिवसभर पडलेले ऊन रात्री हळूहळू परत देते. सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो, म्हणून दक्षिणेला तोंड असलेली भिंत सर्वांत उबदार असते आणि अंजीर किंवा पीचसारखी फळे तिच्याच आधाराने पिकतात. झाडाच्या फांद्या तारांवर आडव्या बांधून भिंतीला सपाट चिकटवलेल्या दिसतील, तर जवळ जाऊन गाठी पाहाव्यात. फांदी कुठे वाकवली, कुठे छाटली आणि फळाचा डोळा कुठे राखला, हे द्राक्ष किंवा डाळिंब केलेल्या माणसाला न विचारता कळते. काही इंग्लिश बागांत शोभेची केळीही असते. हिवाळ्यापूर्वी तिची पाने कापून खोडाभोवती पेंढा किंवा कापड गुंडाळतात. आपल्याकडे जानेवारीच्या थंडीत घड अडकतात तेव्हा काय होते हे माहीत असणाऱ्याला ती खटपट मनापासून पटेल.

साउथ पेदरटनजवळची ईस्ट लॅम्ब्रुक मॅनर ही बाग लहान आहे, पण घराच्या अंगणात काही करू पाहणाऱ्यांना तीच सर्वांत उपयोगी पडेल. लंडनच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत नोकरी केलेल्या मार्जरी फिश यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस, बागकामाचा अनुभव नसताना, ती करायला घेतली आणि 1969 मध्ये निधन होईपर्यंत त्या तिथेच राबल्या. मोकळी माती दिसू द्यायची नाही, खेड्यातली साधी झाडे दाटीने लावायची आणि तण उगवायला जागाच ठेवायची नाही, ही त्यांची रीत होती. फेब्रुवारीत तिथल्या ओलसर चरात स्नोड्रॉप पाहायला लांबून माणसे येतात.

वेल्स नावाच्या छोट्या शहरात (वेल्स हा प्रांत वेगळा) बिशपच्या वाड्याची बाग आहे. तिच्या आवारात जमिनीतून मोठे झरे फुटतात, त्यांचेच पाणी वाड्याभोवतीच्या खंदकात खेळते आणि शहराच्या मुख्य रस्त्याच्या कडेने पाटातून आजही वाहते. झऱ्याचे पाणी गावाला घेण्याचा हक्क पंधराव्या शतकात बिशप बेकिंग्टन यांनी दिला. पांझरा नदीकाठची पाटपाण्याची फड पद्धत ज्यांना माहीत आहे, त्यांनी झऱ्यापासून रस्त्यापर्यंत त्या पाण्याच्या मागोमाग चालत जावे. लहान मुले बरोबर असतील तर खंदकातले हंस दाखवावेत; खाणे हवे असले की घंटेची दोरी ओढण्याची सवय तिथल्या हंसांना लावलेली आहे.

ब्रूटन गावाबाहेरच्या डर्सलेड फार्मवर एका कलादालनामागे डच बागरचनाकार पीट औडॉल्फ यांचे फुलांचे शेत आहे. ते 2014 मध्ये खुले झाले. तिथे जून-जुलैपेक्षा ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये जावे. फुले सुकली तरी ती कापत नाहीत, बोंडे आणि गवताचे तुरे हिवाळाभर उभे ठेवतात, आणि वसंताच्या तोंडावर सगळे एकदम छाटतात. कापणी उरकली की शेत लगेच मोकळे करणाऱ्या आपल्या डोळ्यांना हे सुरुवातीला खटकते, पण थोडे थांबून पाहिले की पक्षी त्याच बोंडांवर बसलेले दिसतात. जवळच कॅसल केरीलगत ‘द न्यूट’ नावाची मोठी बाग आहे. तिच्या अंडाकृती तटबंदीत इंग्लंडच्या वेगवेगळ्या परगण्यांतली सफरचंदे परगण्यांनुसार लावली आहेत. माँटक्यूटला बर्फाच्या भाराने वाकडीतिकडी झालेली यू झाडांची उंच कुंपणे आहेत, वाटेत असेल तर पाहावीत.

प्रवासाचे गणित सोपे नाही. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून टॉन्टनला रेल्वेने साधारण दोन तास लागतात, कॅसल केरीला त्याहून थोडे कमी. वेल्सला रेल्वे नाही, पण ब्रिस्टल आणि बाथहून बस आहे. खेड्यांतल्या बसफेऱ्या मोजक्याच असतात आणि रविवारी बऱ्याच ठिकाणी नसतात, म्हणून स्थानकावरून टॅक्सी आधी ठरवावी किंवा मुलांनी गाडी घ्यावी. भारतीय वाहन परवान्यावर पाहुण्यांना तिथे बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते आणि वाहतूकही आपल्यासारखीच डावीकडून आहे. गावांकडचे रस्ते मात्र एका गाडीपुरते आणि दोन्ही बाजूंना उंच कुंपणांचे असतात. समोरून गाडी आली तर ज्याच्या मागे रुंद जागा जवळ आहे त्याने मागे घ्यायचे असते. वेळापत्रक आणि बंद असण्याचे वार प्रत्येक बागेच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी पाहूनच निघावे. नॅशनल ट्रस्टच्या तीन-चार जागा पाहायच्या असतील तर मुलांनी वर्षाचे सभासदत्व घेणे सहसा परवडते.

याखेरीज नॅशनल गार्डन स्कीम ही 1927 साली सुरू झालेली योजना आहे. खाजगी घरांच्या बागा वर्षातले ठरावीक दिवस लोकांसाठी उघडतात आणि तिकिटाचे पैसे परिचर्येचे काम करणाऱ्या संस्थांना जातात. सुरुवातीला दर माणशी एक शिलिंग घेत. रस्त्यावर पिवळी पाटी दिसली की आत जावे. तिथे घरधनी किंवा घरधनीण स्वतः भेटतात, आणि ‘तुमची माती कशी आहे?’ एवढे विचारले की ते मनापासून बोलतात. इंग्रजी तुटकी असल्याचा संकोच धरू नये. वनस्पतींची शास्त्रीय नावे सगळीकडे सारखीच असतात.

खाण्याबाबत एक सूचना. बागेतल्या चहाच्या खोलीत केक आणि बिस्किटे असतात, त्यांत बहुधा अंडे असते. माळकरी आणि जैन मंडळींनी ‘व्हेज’ ही पाटी पाहून न थांबता ‘व्हीगन’ असे लिहिलेले आहे का ते पाहावे, म्हणजे अंड्याची शंका राहत नाही. घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेणे उत्तम. नेमून दिलेल्या हिरवळीवर बसून खायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते. गवत सकाळी ओले असते, म्हणून साडी नेसणाऱ्यांनीही चपलांऐवजी बंद बूट घालावेत.

फूल, पान, बी, काहीही तोडू नये आणि तोंडात तर मुळीच घालू नये. फॉक्सग्लोव्हची घंटेसारखी जांभळी फुले आणि यूच्या लाल गरातल्या बिया सुंदर दिसतात, पण बांधावरच्या धोतऱ्यासारख्याच विषारी असतात. नातवंडांना हे आधीच सांगून ठेवावे. आवडलेल्या झाडाची फांदी किंवा बी बॅगेत टाकून भारतात आणण्याचा मोह अनेकांना होतो. 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि तिकडचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र नसेल तर ते बेकायदा आहे, आणि त्यासोबत आपल्या शिवारात नवा रोग येण्याचा धोका खरा आहे. त्यापेक्षा नावाच्या पाटीचा फोटो घ्यावा. त्यांतली बर्जेनियासारखी झाडे आपल्या उन्हात जगणार नाहीत, पण कॉसमॉस, झिनिया, डेलिया यांचे बियाणे किंवा कंद आपल्याकडेच मिळतात. दसऱ्यानंतर वाफे तयार करून ते लावले तर थंडीच्या दिवसांत धुळे-जळगावच्या अंगणातही चांगले फुलतात.