गेमिंग लॅपटॉपचा प्रोसेसर: आधी शेवटचं अक्षर बघा

दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आय५ घेऊ की आय७?" गेम खेळायला लॅपटॉप घेत असाल तर हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा आणि मॉडेल नंबरच्या शेवटी कोणतं अक्षर आहे ते बघा.

इंटेलचे दोन प्रोसेसर शेजारी ठेवू. आय७-१३५५यू मध्ये १० कोअर (प्रोसेसरचे काम करणारे भाग) आहेत, पण त्यातले दमदार, म्हणजे परफॉर्मन्स कोअर फक्त २. बाकीचे ८ वीज वाचवणारे. मूळ वीजमर्यादा १५ वॅट. आय५-१२४५०एच मध्ये कोअर ८ च, पण परफॉर्मन्स कोअर ४ आणि मर्यादा ४५ वॅट. तासभर गेम चालवला की हा आय५ टिकतो आणि तो आय७ दमतो. ६० एफपीएस (सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे फ्रेम) हवे असतील तर प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ ला जेमतेम ६.९. तेवढ्या वेळात प्रोसेसरने हिशेब उरकून काम ग्राफिक्स कार्डकडे द्यायचं असतं. उशीर झाला की स्क्रीनला झटका बसतो. म्हणून यू नको, एच किंवा एचएक्स घ्या. एचएक्सची मूळ मर्यादा ५५ वॅट असते, त्यामुळे तो जाड बॉडीच्या लॅपटॉपमध्येच शोभतो.

दुसरी कंपनी एएमडी, तिच्या ७००० मालिकेत फसगत जास्त होते, कारण पहिला आकडा फक्त वर्ष सांगतो. तिसरा आकडा बघा, चिपची मूळ रचना (झेन) किती नवी ते तो सांगतो. रायझन ५ ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे जुनं झेन २ आणि ४ च कोअर. ७५३५एचएस मध्ये ३, म्हणजे झेन ३+, ६ कोअर. ७६४०एचएस मध्ये ४, म्हणजे झेन ४. डब्यावर तिन्हींना 'रायझन ५ ७०००' म्हणता येतं.

बजेट तंग असेल तर प्रोसेसर एक पायरी खाली घ्या आणि ग्राफिक्स कार्ड वरचं घ्या. आय७ सोबत आरटीएक्स ३०५० घेण्यापेक्षा एचवाला आय५ आणि आरटीएक्स ४०५० केव्हाही बरं. व्हॅलोरंट, सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) असे नेमबाजीचे गेमच खेळायचे आणि स्क्रीन १४४ हर्ट्झची असेल, तर मात्र प्रोसेसरवर खर्च करा; तिथे खरा भार त्याच्यावरच येतो. ८ जीबीची एकच रॅम पट्टी असेल तर दुसरी लगेच टाका, नाहीतर चांगला प्रोसेसरही अडखळतो. नंतर प्रोसेसर बदलता येत नाही, तो मदरबोर्डला कायमचा जोडलेला असतो.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न, ऊन. परभणी-नांदेडकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४२ वर जातो. खोली २५ ऐवजी ४० अंशांवर असेल तर चिपही जवळपास तेवढीच, म्हणजे १५ अंश जास्त तापते. इंटेल १०० च्या आसपास आणि एएमडी ९५ च्या आसपास पोचला की स्वतःच वेग कमी करतो. त्यामुळे दुकानात डेमो दोन मिनिटांचा नको. एखादा जड गेम १५ मिनिटं चालवायला लावा आणि एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान व सीपीयू पॅकेज पॉवर (प्रोसेसर किती वॅट खातो) बघा. सुरुवातीला ८० वॅट दिसतील, ते महत्त्वाचे नाहीत. पंधराव्या मिनिटाला किती उरले, तेच खरं धरायचं.

घरी गादीवर ठेवून खेळू नका, खालची जाळी बंद होते. कूलरच्या थेट झोतातही नको, ओलावा आत जातो. लाइट गेली की बॅटरीवर वेग पडतो, कारण बॅटरी तेवढे वॅट देऊ शकत नाही. इन्व्हर्टरवर खेळायचं असेल तर अ‍ॅडॉप्टरवरचे वॅट वाचा. १८० वॅटचा अ‍ॅडॉप्टर म्हणजे दोन जुन्या पंख्यांहून जास्त भार.

तरीही तापत असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधल्या प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटमध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ करा. टर्बो, म्हणजे गरजेला वाढणारा जादा वेग, बंद होतो, तापमान बरंच उतरतं. ग्राफिक्सवर भार असलेल्या गेममध्ये एफपीएस थोडेच कमी होतात, व्हॅलोरंटमध्ये मात्र फरक जाणवतो. मृगाचा पाऊस पडून हवा गार झाली की परत १०० करायला विसरू नका.