नाशिकमधला द्वारका ते नाशिकरोड रस्ता: कोणता प्रकल्प घ्यावा, हे बहुनिकष पद्धतीने (अनेक निकष एकत्र तोलून) कसं ठरवाल?

एकाच रस्त्यासाठी तीन पर्याय आहेत असं धरू: मेट्रो निओसारखा (रबरी टायरवर, विजेवर धावणाऱ्या गाड्यांचा) उन्नत मार्ग, सिटीलिंक या शहर बससेवेसाठी स्वतंत्र बसमार्गिका, किंवा सलग पदपथ आणि सायकल ट्रॅक. खर्च रुपयांत, धूर टनांत, पोहोच माणसांत मोजावी लागते. ही सगळी मापं एका कागदावर आणायची तर एक्सेल पुरतं. चौथा रकाना 'आहे तसंच ठेवलं तर' याचा ठेवा, कारण तुलना त्याच्याशीच करायची असते.

आधी निकष ठरवा. पाच-सहा पुरेत. इथली नेहमीची गफलत म्हणजे एकच फायदा दोनदा मोजणं: 'वेग वाढला' आणि 'वेळ वाचला' हे दोन निकष नव्हेत. खर्चात बांधणीबरोबर वीस-तीस वर्षांची देखभाल आणि चालवण्याचा खर्चही धरा. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी जाहीर झालेले २,०९२ कोटी हा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. मात्र नुसता बांधणीचा आकडा धरला तर तुलना फसते. द्वारका सर्कलला मोजणी करताना वाहनं नाही, माणसं मोजा. चाळीस प्रवाशांची बस आणि एकट्या माणसाची कार दोन्ही 'एक वाहन' धरली, की बसमार्गिका पहिल्याच पानावर हरते. पायी रस्ता ओलांडणारे तर वाहनांच्या मोजणीत येतच नाहीत.

आता भारांक, म्हणजे कोणत्या निकषाला किती महत्त्व हे सांगणारा आकडा. पर्यायांचे गुण कुणी पाहण्याआधीच ते ठरवा, नाहीतर प्रत्येकजण आपला आवडता पर्याय जिंकेल असेच भारांक सुचवतो. थॉमस साटी यांची एएचपी (अ‍ॅनॅलिटिक हायरार्की प्रोसेस) पद्धत इथे कामाची. दोन-दोन निकष समोरासमोर ठेवून १ ते ९ मध्ये तुलना करायची: १ म्हणजे दोन्ही सारखेच, ९ म्हणजे एक कमालीचा महत्त्वाचा. सरावाला तीनच निकष घेऊ. समजा, पोहोच खर्चाच्या ३ पट आणि प्रदूषणाच्या २ पट महत्त्वाची, आणि प्रदूषण खर्चाच्या २ पट. हे आकडे निकषांच्या तक्त्यात भरा, उलट तुलनेच्या जागी व्यस्त (३ च्या उलट १/३) आणि स्वतःशी तुलनेला १. प्रत्येक स्तंभाची बेरीज करून त्या स्तंभातल्या आकड्यांना तिने भागा, मग ओळीची सरासरी काढा: पोहोच ०.५४, प्रदूषण ०.३०, खर्च ०.१६. सुसंगती गुणोत्तर (उत्तरं एकमेकांशी किती विसंगत आहेत याचं माप) ०.०१ येतं, ०.१० पर्यंत चालतं. पण कुणी शेवटच्या दोन तुलना उलट्या दिल्या, म्हणजे प्रदूषण पोहोचीच्या २ पट आणि खर्च प्रदूषणाच्या २ पट, तर ते ०.६३ वर जातं. अशा वेळी आकडे परस्पर दुरुस्त करू नका, त्या माणसाला पुन्हा विचारा. रिक्षाचालक, रहिवासी, अभियंते यांची मतं एकत्र करताना प्रत्येक तुलनेची भूमितीय सरासरी घ्या (n आकड्यांचा गुणाकार करून त्याचं n-वं मूळ), साधी नाही.

गुण ० ते १०० मध्ये द्या आणि ही पट्टी आधीच बांधून ठेवा: ० म्हणजे काय, १०० म्हणजे काय. समोरच्या पर्यायांतल्या सर्वांत वाईटाला ० आणि उत्तमाला १०० दिले, तर एखादा पर्याय वगळताच बाकीच्यांचा क्रम उलटू शकतो. खर्चाची दिशा मात्र तपासा: कमी खर्चाला जास्त गुण. घाईत हमखास चुकतं ते इथेच.

सरावापुरते गुण पोहोच, प्रदूषण, खर्च या क्रमाने असे धरा: उन्नत मार्ग ५०, ८०, १०, बसमार्गिका ८०, ६०, ७०, पदपथ-सायकल ६५, ४०, ९०. भारांकांनी गुणून बेरीज केली की अनुक्रमे ५२.६, ७२.४ आणि ६१.५.

इथे थांबू नका. प्रदूषणाचा भारांक वाढवत न्या, बाकी दोघांचं आपसातलं प्रमाण तेच ठेवा. उन्नत मार्ग पुढे जायला तो सुमारे ०.६५ लागतो, म्हणजे या आकड्यांवर बसमार्गिकेचा निकाल भक्कम आहे. भारांक दोन-चार शतांशांनी हलवताच क्रम बदलत असेल, तर अहवालात 'दोन्ही बरोबरीत' असंच लिहा.

बेरजेत एक दोष उरतोच: एका निकषातलं मोठं नुकसान दुसऱ्यातले गुण झाकून टाकतात. त्यासाठी किमान अटी बेरजेच्या आधीच लावा. पदपथ चाकाच्या खुर्चीला पुरेल इतका रुंद उरत नसेल, तर तो पर्याय कितीही गुण मिळवो, यादीत घेऊ नका.