लॅपटॉप गेला, बॅकअप उरला. आता त्याचं करायचं काय?

नागपूरच्या महाल भागात माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर मजकूर टाइप करून छपाईसाठी मांडून द्यायचं दुकान आहे. लग्नपत्रिका, विद्यापीठाचे प्रबंध, मंडळांची पावतीपुस्तकं, शपथपत्रं, बायोडाटा, जे येईल ते. गेल्या मे महिन्यात लॅपटॉपची बॅटरी फुगली, टचपॅड खालून उचलला गेला आणि पाठोपाठ मदरबोर्डही गेला. दुरुस्तीचा आकडा ऐकल्यावर नवाच घेतला. नवा घेणं म्हणजे एका दुपारचं काम. कपाटातल्या जुन्या हार्ड डिस्कांचं काय करायचं, यात मात्र डोकं लागतं.

लॅपटॉप चालू होता तोवर त्या डिस्कवरचा माल ही दुसरी प्रत होती. लॅपटॉप गेला त्या क्षणी तीच मूळ प्रत झाली, आणि तीही एकुलती एक. लोक मात्र तिला अजून ‘बॅकअप’च म्हणतात आणि बिनधास्त हाताळतात. म्हणून सगळ्यात आधी एक नवी हार्ड डिस्क आणा, जुनीपेक्षा मोठी, आणि जुनीवरचं सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवा. निवडत बसू नका, नावं बदलू नका, काही पुसू नका.

नवा लॅपटॉप सेट करून द्यायला आलेला पोट्टा म्हणाला, “ताई, जुनं पूर्ण याच्यातच टाकून देऊ का? आत्ता होऊन जाते.” मी म्हटलं, नको रे बाबा. एक तर नव्या लॅपटॉपात जागा पाचशे जीबीच्या आसपास, जुना ढिगारा त्याच्या दुप्पट. दुसरं म्हणजे सारख्या नावाच्या फायली समोरासमोर आल्या की विंडोज ‘रिप्लेस’ करू का विचारतं, आणि घाईत आपण हो म्हणतो. कालच दुरुस्त केलेल्या पत्रिकेवर तीन वर्षांपूर्वीचा मसुदा जाऊन बसतो. जुनं बाहेरच्या डिस्कवरच राहू द्या, लागेल तेवढंच आत घ्या.

कॉपी पूर्ण झाली की दोन्ही ठिकाणच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. फायलींची संख्या आणि ‘साइज’ जुळली पाहिजे. खालचा ‘साइज ऑन डिस्क’ जुळला नाही तरी चालते, दोन डिस्कांचं फॉरमॅटिंग वेगळं असलं की तो वेगळाच येतो. मग वेगवेगळ्या फोल्डरांतल्या दहा-बारा फायली प्रत्यक्ष उघडून बघा. जुन्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा कॉपी एकाच जागी अडकून राहत असेल, तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. डिस्क काढून ठेवा आणि डेटा रिकव्हरीवाल्याला दाखवा.

आता आत काय आहे ते ओळखा. साधे फोल्डर हातानं कॉपी केलेले असतील तर प्रश्नच नाही. ‘फाइल हिस्टरी’ नावाचा फोल्डर दिसला तर तो विंडोजनं आपोआप घेतलेला बॅकअप. आत तुमचं नाव, त्यात जुन्या संगणकाचं नाव, त्यात ‘डेटा’, त्यात ‘सी’, आणि मग ओळखीचे फोल्डर लागतात. तिथे प्रत्येक फाइलच्या नावापुढे कंसात तारीख-वेळ चिकटवलेली असते: ‘मुंज पत्रिका (२०२१_०२_१४ ०६_३२_१० यूटीसी)’. ही वेळ आपली नाही, साडेपाच तास मागे आहे. म्हणजे ती प्रत दुपारी बाराच्या सुमाराची. गिऱ्हाईक ‘दुपारी दाखवलेली ती द्या’ म्हणते तेव्हा याचा उपयोग होतो. एकाच पत्रिकेच्या वीस-वीस आवृत्त्या असतात. बहुतेक वेळा शेवटची पुरे, पण मधल्या एखाद्या आवृत्तीत मामाचं नाव बरोबर असते आणि शेवटचीत नसते, हेही मी बघितलं आहे.

नव्या लॅपटॉपवर फाइल हिस्टरी सुरू करताना जुनी डिस्क लावलेली असेल, तर आधीचाच बॅकअप पुढे चालवायचा का असं विंडोज विचारतं. माझं मत, चालवू नका. जुनं गाठोडं जुनंच राहू द्या, नव्याला नवी डिस्क. मॅकवाल्यांनाही टाइम मशीन, म्हणजे मॅकमधली बॅकअपची सोय, हाच प्रश्न विचारते. तिथेही मी वेगळीच डिस्क सुचवीन.

‘विंडोज इमेज बॅकअप’ नावाचा फोल्डर मात्र जपून. ती अख्ख्या जुन्या संगणकाची प्रतिमा असते. ती नव्या लॅपटॉपवर रिस्टोअर केली तर नव्यावरचं सगळं पुसून जुनी विंडोज बसवायचा प्रयत्न होईल. रिस्टोअर न करता विंडोजमधल्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ‘अटॅच व्हीएचडी’ निवडा, तिथल्या ‘रीड-ओन्ली’वर खूण करा आणि त्या फोल्डरातली व्हीएचडीएक्स फाइल, म्हणजे ती प्रतिमा, जोडा. एक नवा ड्राइव्ह दिसू लागतो, त्यातून हवं ते उचला.

बंद पडलेल्या लॅपटॉपमधली डिस्कही विसरू नका. मदरबोर्ड गेला म्हणजे डिस्क गेली असं नाही. ती काढून यूएसबी केसिंगमध्ये बसवली की बाहेरच्या डिस्कसारखी चालते. केसिंग बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, सहज मिळते, पण जाताना काढलेली डिस्क सोबत न्या: साटा आणि एनव्हीएमई या दोन प्रकारच्या डिस्कांची केसिंगं वेगळी असतात. काही पातळ, स्वस्त लॅपटॉपांत साठवणूक बोर्डावरच झाळलेली असते, तिथे हा उपाय नाही. डिस्क जोडल्यावर ‘परवानगी नाही’ असं आलं तर ‘कंटिन्यू’ दाबून वाट बघा. बिटलॉकरनं, म्हणजे विंडोजनं डिस्कला लावलेल्या कुलपानं, ४८ अंकी किल्ली मागितली तर घाबरायचं काम नाही. जुन्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करत असाल, तर किल्ली बहुतेक त्या खात्यात जमा असते. तिथे अनेक किल्ल्या दिसल्या तर पडद्यावरच्या ‘की आयडी’शी जुळणारी घ्या. ती वहीत लिहून ठेवा.

आमच्या धंद्यातली खरी गोम फॉन्टची आहे, आणि ती मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे. फाइल सुखरूप येते, उघडली की समोर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. फाइल बिघडलेली नसते. ती कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखीच दिसणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टात टाइप केलेली असते आणि तो फॉन्ट नव्या लॅपटॉपवर नसतो. म्हणून जुन्या डिस्कवरून विंडोजच्या फोल्डरातला ‘फॉन्ट्स’ हा फोल्डर आधी उचला. तुमच्या श्रीलिपीला डोंगल (सॉफ्टवेअर चालू व्हायला संगणकाला लावावी लागणारी छोटी कळ) लागत असेल तर तो शोधून ठेवा. अशा कामाच्या फायली फॉन्ट टाकून एकदा उघडायच्या आणि लगेच पीडीएफ काढून ठेवायची, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत बसवता येतो. ज्यात पुढे बदल करावा लागणार आहे तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, पण रूपांतरानंतर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायली असतील तर ते काम पुढे ढकलूच नका. त्याची शेवटची आवृत्ती २००१ सालची आहे.

पुसायचं काय? फोटो आणि स्वतः केलेलं काम ठेवा. सॉफ्टवेअरच्या सेटअप फायली आणि डाउनलोड्सचा ढीग बिनदिक्कत उडवा. हिशेबाला कायदा आहे: जीएसटीची नोंदणी असेल तर त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब ठेवावे लागतात. आणि आमच्यासारख्या टायपिंग-झेरॉक्सवाल्यांनी एक गोष्ट आवर्जून करावी. स्कॅनच्या फोल्डरात लोकांची आधार कार्डं, जातीचे दाखले, बँक पासबुकं वर्षानुवर्षं पडून असतात. काम झालं की ते आपल्याकडे राहायचं कारण नाही. मी सगळे पुसले, आणि दोन्ही प्रतींतून पुसले. एका ठिकाणी उरले तर पुसून उपयोग काय?

राहता राहिलं ठेवायचं कुठे. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्यानंतर माझ्याकडे चिखलानं एकमेकांना चिकटलेले लग्नाचे अल्बम स्कॅनिंगला आले. पानं सोडवताना नवरीच्या शालूचा रंग समोरच्या पानावर उमटून यायचा. तेव्हापासून माझी एक डिस्क वर्ध्याला मोठ्या बहिणीकडे असते. दिवाळीला जाते तेव्हा ती घेऊन येते आणि ताजी तिथे ठेवते. कपाटात ठेवायला साधी हार्ड डिस्कच घ्या. एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) आणि पेन ड्राइव्ह वीज न मिळता फार काळ पडून राहिले तर त्यातला डेटा हळूहळू विरतो, आणि उकाड्यात अजून लवकर. आपल्याकडे टिनाखालच्या खोलीत मे महिन्यात काय होते ते सांगायला नको. कूलरच्या झोताजवळही नको, तिथे दमट असते. डिस्कवर चिकटपट्टी लावून लिहा: कोणत्या संगणकाचं, कधीपर्यंतचं, दुसरी प्रत कुठे.

जुनी डिस्क कोणाला द्यायची असेल तर आधी ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. क्विकमध्ये फायली तशाच आत राहतात, साध्या सॉफ्टवेअरनं परत निघतात. पूर्ण फॉरमॅटला मोठ्या हार्ड डिस्कवर कित्येक तास लागतात, रात्री लावून झोपा. एसएसडी असेल तर तिच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला ‘सिक्युअर इरेज’ वापरा. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, पुन्हा चार्जिंगला लावायची नाही आणि कचऱ्याच्या गाडीतही टाकायची नाही. ती ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या, आणि देताना फुगलेली आहे हे तोंडानं सांगा.